मांजराच्या पिल्लाचा डोळा आलाय, सोमवारपर्यंत घरी काय करावं?

सातारकर_मनी

पिल्लू गावठी, मादी, साडेतीन महिन्यांची, वजन साधारण १ किलो ३०० ग्रॅम. लस अजून एकही झालेली नाही. काल सकाळपासून उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. आज पिवळट चिपडं येतात आणि पापणीच्या आतला भाग लाल होऊन इतका फुगलाय की खालच्या कडेवरून बाहेर आल्यासारखा दिसतो. डोळा अर्धाच उघडते. दिवसातून चार-पाच शिंका. खाणं, खेळणं नेहमीसारखं. घरात ४ वर्षांचा बोका आहे, त्याला अजून काही नाही.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आता सोमवारीच उघडेल. मेडिकलमधून माणसांचे ड्रॉप आणलेत, बाटलीवर मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के आणि डेक्सामेथासोन ०.१ टक्के असं लिहिलंय. अजून घातलेले नाहीत. घालू का? शेजारी गुलाबपाणी नाहीतर गार केलेलं चहाचं पाणी लावायला सांगतात. आणि सोमवारपर्यंत थांबणं बरोबर आहे का, हे कशावरून ओळखायचं?

---

पशुवैद्य_वाई

ते ड्रॉप घालू नका. घालण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत.

यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आहे, अडचण त्याची नाही. अडचण डेक्सामेथासोनची, ते स्टेरॉइड आहे. मांजरांचे डोळे येण्यामागे हर्पिसचा विषाणू बऱ्याचदा असतो (हा मांजरांचा वेगळा विषाणू, माणसाला होत नाही) आणि तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बारीक जखमा करतो. हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. स्टेरॉइड पडलं की तीन गोष्टी एकदम होतात: विषाणूला रान मोकळं मिळतं, जखम भरायची थांबते आणि पडद्यातले तंतू विरघळण्याचा वेग वाढतो. फसगत अशी की लाली एका दिवसात उतरते. घरच्यांना वाटतं गुण आला, म्हणून ते आणखी घालत राहतात. आत जखम खोल होत जाते आणि डोळ्यात फूल पडतं किंवा डोळा फुटतो. जखम नाही याची तपासणी झाल्याशिवाय मांजराच्या डोळ्यात स्टेरॉइड घालायचं नाही, एवढं पक्कं धरा.

गुलाबपाणी आणि चहाचं पाणी दोन्ही नको. गुलाबपाण्यात सुगंधी द्रव्यं असतात, चहाचं पाणी निर्जंतुक नसतं. हळद, मध, दूध, बोरिक पावडरचं पाणी, डेटॉल-सॅव्हलॉनचे थेंब टाकलेलं पाणी, यांतलं काहीही नको. जंतुनाशकाने पडदा भाजतो. शिवाय मांजर पंजाने तोंड पुसून तो पंजा चाटतं, म्हणजे डोळ्याला लावलेलं सगळं पोटात जातं.

आता थांबायचं की नाही ते. खोलीत थोडा अंधार करा, मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता कानाच्या बाजूने तिरका धरा आणि दोन्ही डोळे ताडून पाहा. पडदा काचेसारखा स्वच्छ आहे का, की निळसर धुरकट दिसतो? उजेडाचं प्रतिबिंब गुळगुळीत आहे की एका जागी तुटतं? तुटत असेल तर तिथे खड्डा आहे. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का? दुखऱ्या डोळ्याची बाहुली बारीक झाली असेल तर आत सूज आहे, मोठी राहून उजेडाला हलत नसेल तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. 

धुरकटपणा, खड्डा, बाहुल्यांत फरक, रक्त, डोळा पूर्ण मिटलेला, डोळा पुढे आलेला किंवा पिल्लाने खाणं सोडलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी सोमवारची वाट पाहू नका. खराब जखम एक-दोन दिवसांत आरपार जाऊ शकते. साताऱ्यातले खासगी पशुवैद्य रविवारी निदान फोनवर तरी मिळतात. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून रविवारी कोण असतं ते विचारा.

तुमच्या वर्णनात सूज भरपूर, शिंका कमी, भूक चांगली आणि सुरुवात एका डोळ्यापासून आहे. हे हर्पिसपेक्षा क्लॅमिडियाकडे (डोळ्याला होणारा जिवाणूंचा संसर्ग) जास्त झुकतं. क्लॅमिडिया साधारण आठवड्याभरात दुसऱ्या डोळ्यात जातो. पण नुसतं बघून खात्री देता येत नाही, दोन्ही एकदमही असतात. टॉर्चने सगळं स्वच्छ दिसलं तर सोमवारपर्यंत सलाईनने धुणं आणि बोक्यापासून वेगळं ठेवणं एवढंच करा. दिवसातून दोनदा टॉर्चने पुन्हा बघा.

---

रेस्क्यू_ठाणे

धुण्याची रीत सविस्तर लिहिते. नेमकी यातच गडबड होते आणि मांजर एकदा घाबरलं की पुढचे चार दिवस हातात येत नाही.

मेडिकलमधून १०० मिलीची नॉर्मल सलाईनची बाटली आणा, त्यावर सोडियम क्लोराइड ०.९ टक्के लिहिलेलं असतं. नीट वाचून घ्या. शेजारीच डीएनएस किंवा डेक्स्ट्रोजच्या तशाच बाटल्या असतात, त्यात साखर असते, त्या नको. कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचं पाणीही नको, त्यात जंतुनाशक असतं. सोबत ५ मिलीच्या दोन-तीन सिरिंज आणि निर्जंतुक गॉज. कापूस नको, त्याचे तंतू बुबुळाला चिकटून राहतात आणि तेच पुन्हा टोचतात.

बाटली कापून उघडी ठेवू नका. बुचातून नव्या सुईने सिरिंजमध्ये ओढा आणि सुई लगेच काढून टाका. मांजराजवळ सुई लावलेली सिरिंज कधीच न्यायची नाही. बाटलीत जंतू मारणारं काही नसतं, म्हणून २४ तासांनी उरलेलं फेकून द्या आणि नवी घ्या. महाग नसते. अगदीच मिळाली नाही तर पाणी १० मिनिटं खळखळून उकळा, झाकून गार करा, अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ घाला. वजनकाटा हवा. चमच्याचा अंदाज चुकला आणि पाणी खारट झालं तर झोंबतं.

भरलेली सिरिंज दोन मिनिटं कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. फ्रिजमधलं गार पाणी डोळ्यात पडलं की मांजर उसळतंच.

मोठा टॉवेल टेबलावर पसरा, पिल्लू त्यावर पाठमोरं बसवा, दोन्ही बाजू गळ्याभोवती घट्ट आणा. पुढचे पंजे आत, फक्त डोकं बाहेर. तिची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली हवी म्हणजे मागे सरकता येत नाही. आधी निरोगी डोळा नुसता पुसून घ्या, मग दुखरा. प्रत्येक डोळ्याला वेगळा गॉज. वाळलेली चिपडं नखाने काढायची नाहीत, खाली कातडी सोलते. ओला गॉज दोन-तीन मिनिटं नुसता धरून ठेवा, पापणी आपोआप सुटते. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो तुकडा टाकून द्या. आता डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून हळू धार सोडा, ३ ते ५ मिली पुरे. पिचकारी मारायची नाही. हे दिवसातून तीन-चार वेळा. आतल्या कोपऱ्यात पांढुरकी तिसरी पापणी वर आलेली दिसली तर ती घाण समजून ओढू नका. दरवर्षी कोणीतरी ओढतं.

कुसळ दिसलं तर? सलाईनच्या धारेने तरंगून आलं तर ठीक. पडद्यात रुतलेलं असेल तर चिमट्याने काढायचं नाही. त्यामागून डोळ्यातलं पाणी बाहेर येऊ शकतं. तसंच घेऊन जा.

पिल्लू पंजाने खाजवत असेल तर गळ्यात कोन (पंजा डोळ्याला लागू न देणारी शंकूसारखी कॉलर) हवाच. या वयाला बाजारातला लहानही मोठा होतो. जुन्या एक्स-रे फिल्मचा कापून करता येतो, पण सगळ्या कडांना जाड चिकटपट्टी लावा. नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर यायला हवा आणि गळ्याशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जेवताना काढा, संपलं की परत.

बोक्याची भांडी, अंथरूण, मातीचा ट्रे सगळं वेगळं. आधी बोक्याचं सगळं उरकायचं, मग पिल्लाचं, मग साबणाने हात. भांडी आणि फरशीला १ लिटर पाण्यात ३० मिली साधं कपड्यांचं ब्लीच, १० मिनिटं ठेवून स्वच्छ धुऊन टाका. काळं-पांढरं फिनाईल मांजराच्या घरात नकोच, फिनॉलवर्गातली द्रव्यं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. अगरबत्ती आणि डासांची कॉइल त्या खोलीत बंद. ट्रेमध्ये बेंटोनाइटची माती वापरत असाल तर आठवडाभर फाडलेला कागद ठेवा, तिची धूळ सरळ डोळ्यात जाते.

---

औषधवाला_नगर

काउंटरच्या आतल्या बाजूचं लिहितो. लाल डोळा म्हटलं की मेडिकलमध्ये अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली हातात पडते, कारण माणसाला त्याने लगेच आराम वाटतो. ब्रँडच्या नावाकडे बघू नका, खालचे घटक वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही सगळी स्टेरॉइडं. एकाच नावाच्या दोन बाटल्या असतात, एक साधी आणि एक शेवटी 'डी' किंवा 'डेक्स' जोडलेली. दोन्हींचे खोके दिसायला भावंडं.

लाली घालवणाऱ्या ड्रॉपमध्ये नॅफॅझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन असतं. चाटून पोटात गेलं तर मांजर सुस्त पडतं, अंग गार पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं. केटोरोलॅक, फ्लुरबिप्रोफेन हे वेदनाशामक ड्रॉप जखमेवर घातले की जखम भरत नाही. डोळा बधिर करणारे ड्रॉप तपासणीपुरते असतात, घरी वापरले तर पडदा झिजतो. निओमायसिन-पॉलिमिक्सिन-बॅसिट्रॅसिन हे तिहेरी मलम कुत्र्याला सर्रास देतात, पण मांजरांत त्याची क्वचित पण जीवघेणी ॲलर्जी नोंदलेली आहे, मुख्य संशय पॉलिमिक्सिनवर.

पोटातून द्यायच्या गोळ्यांत चूक झाली तर जीव जातो. पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, अर्धी गोळीही मारू शकते. हर्पिस म्हणून माणसाची व्हॅलासायक्लोव्हिर किंवा ॲसायक्लोव्हिरची गोळी देऊ नका. व्हॅलासायक्लोव्हिरने मांजराचं यकृत, मूत्रपिंड आणि हाडांतला मगज एकदम बिघडतो. मांजरासाठी फॅमसायक्लोव्हिर आहे, तेही पशुवैद्य वजनावर ठरवतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मांजराची दृष्टी कायमची जाऊ शकते. कुत्र्याची उरलेली औषधं वापरणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवा.

डोळा कोरडा किंवा खुपल्यासारखा वाटत असेल तर कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, बाकी काहीही न मिसळलेलं, सलाईननंतर एक थेंब दिवसातून चारदा चालतं. इतर कुठलाही ड्रॉप पशुवैद्याने लिहून दिल्यावरच.

---

रंगारी_बाजू

याच विषयाला जोडून विचारतो. घरात चुन्याचं काम चालू असताना मांजराच्या डोळ्यात चुना गेला तर हीच रीत का?

---

पशुवैद्य_वाई

नाही, तिथे ५ मिलीचं काम नाही. चुना क्षार आहे, तो पडदा जाळत आत शिरत जातो आणि पहिली काही मिनिटंच हाती असतात. सलाईन शोधत बसू नका, पिण्याचं स्वच्छ पाणी किंवा नळाची बारीक धार लगेच सुरू करा. पापणी बोटांनी उघडी धरून निदान २० मिनिटं घड्याळ लावून धुवा. पापणीच्या आत चुन्याचे खडे अडकतात, ओल्या गॉजने किंवा ओल्या इअरबडने खालची पापणी पुसून ते काढा. मांजर ओरडेल, बोचकारेल, दोन माणसं लागतील. व्हिनेगर किंवा लिंबू घालून चुना मारायला जाऊ नका, त्यातून उष्णता होते. धुऊन झालं की तसंच दवाखान्यात, डोळा बरा दिसत असला तरी. क्षाराची इजा खरी किती आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

रंगपंचमीचा कोरडा रंग आणि खाण्याच्या चुन्याची डबी यांनाही हेच लागू.

---

सातारकर_मनी

सगळ्यांचे आभार. टॉर्चने पडदा स्वच्छ दिसला, बाहुल्या सारख्या होत्या, म्हणून फक्त सलाईन केलं. आज दवाखान्यात दाखवलं. नारिंगी रंगाची पट्टी लावून निळ्या दिव्याखाली पाहिलं, जखम नाही. डाव्या डोळ्यालाही आता पाणी सुरू झालंय. टेट्रासायक्लिन वर्गाचं मलम दिवसातून चार वेळा आणि पोटातून डॉक्सिसायक्लिन, ४ आठवडे, असं लिहून दिलंय. बोक्यालाही गोळ्या दिल्यात.

तीन शंका. ४ आठवडे खरंच हवेत का? मलम नळीतून सरळ कसं घालायचं, ती डोकं झटकते? आणि घातल्यावर तोंडातून फेस आला तर?

---

पशुवैद्य_वाई

४ आठवडे हवेतच. डोळा आठवड्याभरात छान दिसू लागतो आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. क्लॅमिडिया पेशींच्या आत राहतो आणि वरची लक्षणं गेली तरी तिथेच असतो. अर्ध्यावर सोडलं की महिन्याभरात परत येतो. लक्षणं नसलेला बोका वगळला तर त्याच्याकडून पिल्लाला पुन्हा होतो, म्हणून दोघांनाही दिलंय ते योग्यच.

डॉक्सिसायक्लिनचा मांजरातला नेहमीचा डोस किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या पिल्लाला साधारण १३. १०० मिलिग्रॅमच्या गोळीचे आठ तुकडे केले तरी एकही सारखा होत नाही. त्यामुळे पातळ औषध मागून घ्या आणि मिलीचा आकडा डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या. पिल्लू महिनाभरात वाढेल, दर आठवड्याला वजन कळवा. बोक्याला गोळी असेल तर एक गोष्ट चुकवू नका: गोळीमागोमाग सिरिंजने गालातून ५-६ मिली पाणी द्या किंवा लगेच खायला घाला. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकते, तिथे व्रण होतो, भरताना नळी आकसते आणि मग बोका खाल्लेलं परत काढत राहतो. दुधातून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं.

फेसाचं घाबरू नका. डोळ्यातलं औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून घशात उतरतं. कडू लागलं की लाळ गळते, पाच-दहा मिनिटांत थांबते. फेसाबरोबर तोंड सुजलं, धाप लागली किंवा ती लटपटायला लागली, तर मात्र ती ॲलर्जी आहे, पुढचा डोस न देता धावत जा.

---

रेस्क्यू_ठाणे

मलमाचं सांगते. नळी दोन मिनिटं मुठीत धरून ठेवा, घट्ट मलम तुटक येतं आणि सगळा घोळ होतो. टॉवेल तसाच. डाव्या हाताची बोटं जबड्याखाली, हनुवटी किंचित वर. उजवा हात कपाळामागून आणा, समोरून आणलात तर तिला नळी दिसते आणि ती डोकं फिरवते. उजव्या हाताचा खालचा भाग तिच्या डोक्यावर टेकवून ठेवला की तिने झटकलं तरी तुमचा हात तिच्याबरोबरच हलतो आणि नळीचं टोक डोळ्यात घुसत नाही. खालची पापणी डाव्या अंगठ्याने थोडी ओढून त्या खोबणीत अर्धा सेंटिमीटर पट्टी सोडा आणि पापण्या हलकेच मिटवा. चोळू नका. नळीचं टोक कशालाही टेकलं तर गॉजने पुसून पहिला थेंबभर मलम टाकून द्या.

डोळा आधी धुवायचा, मग औषध. दोन औषधं असतील तर आधी पातळ, ५ मिनिटांनी मलम. पातळ औषधाचा एकच थेंब, दुसरा गालावरून ओघळूनच जातो. लगेच आवडीचा घास द्या, दरवेळी, न चुकता. चौथ्या दिवशी फरक कळतो.

---

पर्शियन_पनवेल

सपाट तोंडाच्या पर्शियनचे डोळे बारा महिने वाहतात, गालावर तपकिरी डाग. त्यालाही मलम लागतं का?

---

पशुवैद्य_वाई

पडदा स्वच्छ, लाली नाही, पाणी पातळ आणि डोळा पूर्ण उघडा असेल तर मलम नको. त्यांच्या चपट्या चेहऱ्यात अश्रूंची नळी वाकलेली असते आणि पाणी बाहेर वाहतं, डाग त्यातल्या रंगद्रव्याचा. सलाईनच्या गॉजने दिवसातून दोनदा पुसून कोरडं करा, घडीत ओल राहिली तर कातडी सडते. डाग घालवणाऱ्या पावडरी देऊ नका, काहींत अँटिबायोटिक असतं.

पण पर्शियनमध्ये एक गोष्ट वेगळी बघायची. बुबुळावर चहाच्या रंगाचा किंवा काळा ठिपका दिसला तर तो पुसून जाणारा कचरा नाही, पडद्याचा तेवढा भाग मेलेला असतो. खरवडू नका. बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि जितका उथळ असताना काढू तितकं सोपं. मुंबईकडून परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला सोयीचं पडेल.

---

औषधवाला_नगर

सातारकर, नळी उघडलेली तारीख तिच्यावरच पेनने लिहा. महिन्यानंतर उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या मांजरासाठी ठेवायचं नाही. हर्पिससाठी लायसिनची (एक अमिनो आम्ल) पावडर कोणी सुचवेल, खर्च करू नका. २०१५ साली झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात तिचा मांजराच्या हर्पिसवर उपयोग दिसला नाही.

---

सातारकर_मनी

पातळ औषध मिळालं, बाटलीवर आकडा लिहून घेतला. लस कधी द्यायची?

---

पशुवैद्य_वाई

दोन्ही डोळे कोरडे झाले आणि ताप नसला की. या वयाला तीन रोगांच्या लसीचे दोन डोस, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं वय पूर्ण झाल्यावरच पडेल असं बघा. सोबत रेबीजची. तीन रोगांच्या या लसीत क्लॅमिडिया नसतो आणि हर्पिस पूर्ण अडवला जात नाही, जोर मात्र बराच कमी होतो. बोक्याची लस कधी झाली तेही जाताना घेऊन जा.